काचबिंदू आहे, गाडीही चालवायची आहे? मग आधी नजर थांबवायला शिका

"सावकाश चालव." "मान फिरवत राहा." "रात्रीसाठी तो पिवळा चष्मा घे." दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याचं निदान होऊन मला ११ वर्षं झाली. एवढ्या काळात हे तीन सल्ले न देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पहिला सल्ला अर्धाच आहे, दुसरा जसाच्या तसा पाळला तर घात करतो, आणि तिसऱ्याला काही अर्थच नाही.

हा लेख ज्यांचा काचबिंदू सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यावर आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली नाही, त्यांच्यासाठी आहे. थेंब वेळेवर घालणं, चष्म्याचा नंबर तपासून घेणं, आपल्या देशाचा परवान्याचा नियम वाचणं हे तुम्ही केलेलं आहे असं मी धरून चालते. नसेल केलं तर गाडीची किल्ली खाली ठेवा आणि आधी ते उरका.

पायरी १: अक्षरांच्या तक्त्यावर विसंबू नका

तक्त्यावरची शेवटची ओळ मी आजही वाचते. ६/६. त्याचा रस्त्यावर फारसा उपयोग नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडीत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात आणि मेलेले परत येत नाहीत. थेंब डोळ्यातला दाब कमी करतात, म्हणजे उरलेले तंतू वाचवतात, एवढंच. बहुतेकांची मधली नजर उशिरापर्यंत शाबूत राहते आणि आजूबाजूचे तुकडे आधी जातात. तक्ता मधली नजर तपासतो. सायकलवाला येतो तो बाजूने.

आणि गेलेला तुकडा काळा दिसत नाही. काचबिंदूच्या माहितीपत्रकांवर काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखं ते चित्र असतं ना, ते मला कधीच पटलं नाही. लंडनमध्ये २०१३ साली ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून विचारलं होतं की तुम्हाला असं दिसतं का. काळा बोगदा एकानेही निवडला नाही. बऱ्याच जणांनी धूसर तुकड्यांचं चित्र निवडलं, काहींनी वस्तूच गायब असलेलं, आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना आपल्या नजरेत काही कमी आहे हेच जाणवत नव्हतं. मेंदू रिकाम्या जागेला आसपासच्या रंगाचं ठिगळ लावतो. रस्त्यावर ते ठिगळ डांबराचं असतं. तिथे उभा असलेला माणूस अंधूक दिसत नाही, तो तिथे नसतोच.

म्हणून "मला तर सगळं नीट दिसतं" हे वाक्य या आजारात पुरावा म्हणून चालत नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियात १०,००० लोकांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे सरळ समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं तो सगळा भाग, तपासलं गेलं. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचं क्षेत्र कमी झालं होतं त्यांचे अपघात आणि नियमभंग, त्याच वयाच्या निरोगी नजरेच्या चालकांच्या दुप्पट निघाले. क्षेत्र कमी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पायरी २: आपल्या खिंडाराचा नकाशा काढा

फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, सगळ्यांनाच नकोशी वाटते. एक डोळा झाकून त्या पांढऱ्या वाडग्यात बघत बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. पण तिचा कागद फाइलमध्ये पडून राहण्यासाठी नसतो. दोन्ही डोळ्यांचे ताजे कागद घ्या. त्यांवर करड्या छटांचं जे चित्र असतं ते तुम्ही समोर बघताना जसं असेल तसंच छापलेलं असतं, डावं ते डावं.

आता एका कोऱ्या कागदावर उजव्या डोळ्याचा गडद भाग निळ्या पेन्सिलीने आणि डाव्याचा लाल पेन्सिलीने उतरवा, मध्यबिंदू एकच ठेवून. जिथे दोन्ही रंग एकमेकांवर येतात ते तुमचं खरं खिंडार. एका डोळ्याला दिसत नाही ते दुसरा भरून काढतो, पण दोन्ही रंग जिथे पडले तिथे भरून काढायला कोणी नाही. मी आधी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले होते आणि निम्मं जग गेलंय असं वाटून दोन दिवस जेवले नाही. तसं करू नका. उजेडात धरल्यावर कुठल्याही एका कागदावरचा काळेपणा सारखाच काळा दिसतो. नकाशा बरोबर जमलाय का याची एक खूण सांगते. प्रत्येक डोळ्याचा नैसर्गिक अंधबिंदू, म्हणजे निरोगी डोळ्यालाही जिथे दिसत नाही तो ठिपका, मध्यापासून साधारण १५ अंशांवर, कानाच्या बाजूला असतो. निळा उजवीकडे आणि लाल डावीकडे आला तर जुळवणी ठीक आहे.

हा नकाशा पूर्ण जगाचा नाही हेही ध्यानात ठेवा. नेहमीची टेस्ट मध्यापासून साधारण २४ अंशांपर्यंतचे ५४ बिंदू तपासते आणि मधल्या छटा यंत्र अंदाजाने भरतं. गाडीसाठी डॉक्टरांकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून होणारी एस्टरमन टेस्ट मागा. तिच्यात १२० बिंदू असतात आणि ती बरीच रुंद बघते. ब्रिटनमध्ये परवान्याचा निर्णय याच टेस्टवर होतो: आडवं क्षेत्र किमान १२० अंश, त्यातलं दोन्ही बाजूंना किमान ५० अंश, आणि मधल्या २० अंशांत मोठं खिंडार नको. तुमच्या देशाचं माप वेगळं असेल, पण आपण या मापात कुठे बसतो हे माहीत असलेलं बरं. डॉक्टर आपणहून सांगतील याची वाट पाहू नका. "मी गाडी चालवू का?" असं थेट विचारा.

मग उभ्या गाडीत बसा. हात समोर सरळ ताणून धरलेली मूठ रुंदीला साधारण १० अंश असते. समोर दूर एका बिंदूवर नजर ठेवा आणि मुठी मोजत आपलं खिंडार काचेवर कुठे पडतं ते बघा. माझं डावीकडे खाली आहे, मध्यापासून एका मुठीवर सुरू होऊन अडीच मुठींपर्यंत. म्हणजे नेमकी रस्त्याची डावी कड आणि लहान मुलाची उंची.

पायरी ३: नजर फिरवायची नाही, थांबवायची

इथे मी अडकले होते, त्यामुळे इथे जरा बसा.

निदानानंतर मी सगळ्यांचं ऐकून मान फिरवायला लागले. प्रत्येक चौकात डावीकडे, उजवीकडे, अगदी दाखवून. तरी एका सकाळी डावीकडून एक सायकल "अचानक" आली. ब्रेक लागला आणि कोणाला काही झालं नाही. ताई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अगं, ती मघापासून कडेने येत होती. तू तिकडे मानही केली होतीस." मी वाद घातला. मग तिने पुढचे दोन चौक रस्त्याऐवजी माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "तुझी मान वळते, पण डोळे समोरच राहतात."

खोटं वाटत असेल तर आत्ता करून बघा. हे वाचता वाचता एका शब्दावर नजर रोवा आणि मान डावी-उजवी हलवा. शब्द जागचा हलत नाही. मान वळली की डोळे आपोआप उलट दिशेने फिरून नजर होती तिथेच धरून ठेवतात. ही शरीराची उपजत सोय आहे, तिच्याशिवाय चालताना जग हिंदकळलं असतं. पण गाडीत भीतीपोटी समोरच्या रस्त्यावर नजर चिकटलेली असते, मान मात्र आज्ञाधारकपणे डोलते, आणि खिंडार जिथल्या तिथे राहतं. मी सहा महिने नंदीबैलासारखी मान हलवली आणि स्वतःला सावध समजत होते.

तर पहिली गोष्ट. खिंडार गाडीच्या कोपऱ्यात नसतं, ते नजरेला बांधलेलं असतं. नजर जाईल तिथे तेही जातं. म्हणजे ते हलवता येतं! मी नजर दोन-अडीच मुठी डावीकडे, थेट रस्त्याच्या कडेवर नेली की माझं खिंडार आणखी डावीकडे, रस्त्याबाहेरच्या भिंतीवर जाऊन पडतं, आणि मघाचा हरवलेला तुकडा माझ्या चांगल्या नजरेत येतो. खिंडार ज्या बाजूला असेल त्या बाजूला, जे बघायचं आहे त्यावर किंवा त्याच्याही पलीकडे नजर टाका. ज्यांचं खिंडार वर आहे त्यांनी सिग्नलच्या थोडं वर बघावं, म्हणजे खिंडार आकाशात जाईल. अशांनी थांब-रेषेच्या अगदी टोकाला गाडी उभी करणंही सोडावं. तिथे सिग्नल डोक्यावर येतो आणि नेमका हरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नजरेचा थांबा. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो तेव्हा त्या उडीच्या काळात मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. हे सगळ्यांचंच होतं, काचबिंदू असो नसो. म्हणून डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखी नजर फिरवली तर मधलं सगळं बघितल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात दोन-तीन जागाच बघितलेल्या असतात. निरोगी माणसाची बाजूची नजर ही उणीव थोडीफार भरून काढते. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्याला नजर ठरलेल्या जागी नेऊन टेकवावीच लागते.

टेकली की नाही हे ओळखण्याची माझी एकच कसोटी आहे: नाव. प्रत्येक थांब्यावर जे दिसलं त्याचं मनात नाव घ्या. सायकल. ट्रक. कुत्रं. मोकळं. "मोकळं" म्हणताना मात्र प्रामाणिक राहा. कडेच्या दगडाचा रंग किंवा भेग दिसली असेल तरच ते मोकळं, नाहीतर मेंदूने ठिगळ लावलंय. नाव सुचलं नाही म्हणजे बघितलंच नाही, परत जा.

माझे चौकातले थांबे पाच आहेत: डावीकडे जवळ, डावीकडे दूर, समोर, उजवीकडे दूर, आणि निघण्याआधी पुन्हा डावीकडे जवळ. खिंडाराची बाजू सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. शेवटचा थांबा लोक गाळतात, कारण मागची गाडी हॉर्न वाजवते. वाजवू दे. तिच्या चालकाने तुमची फील्ड टेस्ट बघितलेली नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. दोन वाहनं आपापला वेग न बदलता एकाच चौकाकडे येत असतील आणि ती एकमेकांवर आदळणार असतील, तर दुसरं वाहन तुमच्या काचेवर जवळजवळ एकाच कोनात राहतं. सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. म्हणजे ते एकदा खिंडारात शिरलं तर तिथून बाहेर येतच नाही, अगदी धडक होईपर्यंत. समोरच्या काचेच्या कडेचा खांबही असाच सबंध दुचाकी गिळतो, आणि तो तर निरोगी डोळ्यांनाही फसवतो. म्हणून चौक जवळ येताना एकदाच बघून भागत नाही. दूरवरून एकदा, जवळ आल्यावर पुन्हा, आणि खांबासाठी सीटवर थोडं पुढे झुकून. इथे मान हलवा. इथे तिचा खरा उपयोग आहे.

सराव गाडी चालवताना सुरू करू नका. मी आधी तीन आठवडे शेजारच्या सीटवर बसून मोठ्याने नावं घेतली. चालवणाऱ्या ताईला कंटाळा आला, पण माझ्याकडून काय सुटतं हे तीच सांगू शकत होती. तिच्या हिशोबाने पहिल्या दिवशी डावीकडच्या दर तीन गोष्टींतली एक मी सोडत होते. मग दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, गर्दी नसताना, एका वेळी २० मिनिटं. त्याहून जास्त नको. हे काम मेंदूला दमवतं, आणि दमलेला मेंदू पुन्हा झाडू मारायला लागतो. सवय अंगवळणी पडायला मला आणखी दीड महिना लागला. कोणी "दोन दिवसांत जमतं" म्हणालं तर त्याने मान हलवली असणार.

अशी सवय खरंच कामाची आहे का, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काचबिंदूने दोन्ही डोळ्यांचं क्षेत्र घटलेल्या दहा चालकांना खऱ्या रहदारीत गाडी चालवायला लावली आणि त्यांच्या डोळ्यांच्या व मानेच्या हालचाली नोंदवल्या. दहापैकी चार जण उत्तीर्ण झाले, आणि संशोधकांनी सुरक्षित चालवण्याचा संबंध जोडला तो नजर किती नेमकी शोध घेते याच्याशी. पण बाकीचे सहा उत्तीर्ण झाले नाहीत. सरावाने तंतू परत येत नाहीत. खिंडार मोठं असेल तर थांबे कितीही घ्या, पुरत नाहीत.

पायरी ४: थांब्यांसाठी वेळ काढा

"सावकाश चालव" हा सल्ला इथे अर्धा खरा ठरतो. ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. डाव्या कडेवर अर्धा सेकंद नजर टेकवली की ७ मीटर तुम्ही समोर न बघता गेलात. ताशी ८० ला तोच थांबा ११ मीटरचा. वेग कमी करायचा तो थांबे पुरे व्हावेत म्हणून. नजर न टेकवता ताशी ३० ने चालवणारा माणूस फक्त हळू धडकतो.

पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखादा खांब ओलांडेल तेव्हा मोजायला सुरुवात करा. मध्ये कोणी घुसलं तर पुन्हा मागे व्हा, चिडू नका.

बाकीच्या सोप्या गोष्टी

समोरची काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात.

आरसे आणि सीट एकदा लावून घ्या आणि दुसऱ्या कोणी गाडी नेली असेल तर पुन्हा तपासा.

डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी परत येताना गाडी चालवायची नाही. काही तास उजेड झोंबतो आणि जवळचं धूसर दिसतं.

रोजच्या थेंबांमुळे सुस्ती येते का ते बघा. टिमोलॉलने थकवा आणि ब्रिमोनिडीनने झोप येऊ शकते. पायलोकार्पिनने बाहुली लहान होऊन कमी उजेडात आणखी अंधारून येतं. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, थेंब आपल्या मनाने बंद करू नका.

रात्र: मी बंद केली. अर्धवट मेलेल्या भागाला फक्त ठळक, उजळ गोष्टी दिसतात. करड्या रस्त्यावरचा करड्या कपड्यांतला माणूस तिथे विरघळतो, आणि समोरून हेडलाइट येऊन गेल्यावर नजर सावरायलाही वेळ लागतो. सोबत मोतीबिंदू असेल तर झगमगाट दुप्पट वाटतो. संध्याकाळची कातरवेळ तर रात्रीहून वाईट, कारण आपण अजून दिवसाच्या वेगात असतो. तो पिवळा चष्मा? कोणतीही रंगीत काच डोळ्यात जाणारा प्रकाश कमी करते. ज्याला रात्री आधीच प्रकाश पुरत नाही त्याने तो आणखी कमी का करावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पायरी ५: "अचानक"ची वही

गाडीत एक छोटी वही ठेवा. "अचानक आला" असं जेव्हा जेव्हा तोंडातून किंवा मनातून निघेल, तेव्हा गाडी थांबल्यावर तारीख, बाजू आणि काय होतं ते लिहा. रस्त्यावर फारच थोड्या गोष्टी खरोखर अचानक येतात. उरलेल्या खिंडारातून बाहेर पडलेल्या असतात. शेजारी बसलेल्याचा श्वास अडकला, अनोळखी हॉर्न वाजला, गाडीला एकाच बाजूला नवा ओरखडा दिसला, हेही लिहा. ओरखड्याला "कोणीतरी घासून गेलं असेल" म्हणण्याचा मोह होतो. माझ्या पहिल्या दोन ओरखड्यांचं खापर मी पार्किंगमधल्या अज्ञात इसमावर फोडलं होतं. दोन्ही डावीकडचे होते.

नियम मी स्वतःला घालून दिला आहे: एका महिन्यात एकाच बाजूला दोन नोंदी झाल्या की नवी फील्ड टेस्ट होईपर्यंत गाडी बंद. हा नियम बरं वाटत असताना, घरच्या एका माणसाला साक्षीला ठेवून ठरवा. वेळ आल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येक नोंदीला सबब सापडते, आणि मी सबबी शोधण्यात हुशार आहे हे ताईला चांगलं ठाऊक आहे.

या महिन्यात माझ्या वहीत ४ तारखेला एक नोंद आहे आणि १९ ला एक. दोन्ही डावीकडच्या. तपासणीची तारीख मी दोन महिने अलीकडे आणून घेतली आहे. तोवर किल्ली ताईकडे आहे, आणि मी शेजारच्या सीटवर बसून मोठ्याने नावं घेते आहे.